नकली पेशंट

गणपतीच्या नाटकात मरायचं काम माझ्याकडे असे. आमच्या मराठी मंडळात नायिका व्हायला मुली रांगेत उभ्या असत, पण खाटेवर पडून खोकायला, छाती दाबायला आणि शेवटच्या अंकात मान टाकायला कोणी तयार नसे. मी तयार असे. दिवसभर शाळेत सातवीच्या पोरांपुढे ओरडून माझा घसा तसाही मरणाच्या वाटेवरच असायचा. लग्न मी केलं नाही, तो विषय वेगळा आणि कोणाच्या कामाचा नाही. पण त्यामुळे संध्याकाळी तालमीला जायला मला अडवणारं कोणी नव्हतं. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या नव्या कॉलनीतल्या घरात मी आणि बाबा, दोघंच.

बाबा तर तालमीला माझ्याआधी पोचत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांनी नोकरी केली आणि रिटायर झाले, पण त्यांचं खरं काम विंगेत. ते मंडळाचे प्रॉम्प्टर होते. चष्मा नाकावर, संहिता हातात आणि तोंडाशी आडवा तळवा. कोणी वाक्य विसरलं की बाबा असा शब्द देत, की तो स्टेजवरच्या माणसाला पोचावा आणि पहिल्या रांगेला कळू नये. स्वतः मात्र ते एकदाही तोंडाला रंग लावून उभे राहिले नाहीत. "आपल्याला नाही जमत बुवा खोटं बोलणं," असं म्हणायचे. हे वाक्य मला पुढे फार छळणार होतं.

एका गणपतीत मी मेले, पडदा पडला आणि एक बाई विंगेत आल्या. डॉक्टर होत्या, इथल्याच, पण बरीच वर्षं विलायतेत राहून परतलेल्या. त्या दिवसांत जो तो काही ना काही नवीन उघडत होता. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ, गच्च्यांवरून केबलच्या तारा, आणि फ्रीगंजात काचेच्या दारांची इस्पितळं. बाई तसल्याच एका इस्पितळात होत्या. मला हात जोडून म्हणाल्या, "दीदी, आप हमारे यहाँ बीमार पड़ेंगी?"

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. पण त्यांनी नीट समजावलं. नवे डॉक्टर, नव्या सिस्टर थेट पेशंटवर हात साफ करतात, त्यापेक्षा आधी खोट्या पेशंटवर शिकले तर चुका तिथेच होऊन जातील. त्याला त्या सिम्युलेशन म्हणत. इस्पितळातले सगळे "नकली पेशंट वाली क्लास" म्हणत. बाबांनी घरी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे रंगीत तालीम. शो नंतर. बराबर आहे, इतकी साधी गोष्ट आतापर्यंत कोणाला सुचली नाही, याचंच नवल."

पहिल्या दिवशी मी छातीत दुखणारी बाई होते. मी असा काही आकांत मांडला की खालच्या मजल्यावरून खरे नातेवाईक धावत वर आले. त्या डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दीदी, यहाँ ताली नहीं बजती." मी कानाला खडा लावला. मग कळलं, खरं आजारी माणूस फार कमी करतं. गप्प बसतं, पदर चाळवतं, विचारलं तर "कुछ नहीं" म्हणतं. आजवर मी स्टेजवर जे केलं त्याला मरण म्हणावं की कवायत, असा मला प्रश्न पडला.

क्लास भरायचा त्या वरच्या हॉलमध्ये एक रबराची बाहुलीही होती. नुसतं धड आणि डोकं, छाती दाबायला शिकण्यासाठी. ती आली तेव्हा सिस्टर लोकांनी रीतीप्रमाणे नारळ फोडून तिला कुंकू लावलं. ते कुंकू रबरात मुरलं आणि पुन्हा निघालंच नाही. तेव्हापासून बाहुली कायमची सवाष्ण झाली. तिच्या कपाळाकडे बघून हात जोडल्याशिवाय एक सिस्टर तिची छाती दाबत नसे.

माझी हिंदी चांगली आहे असा माझा समज होता. उज्जैनात जन्म गेला, भाजीवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांशी हिंदीतच बोलणं. पण दुखणं आलं की माणूस आपल्या भाषेत जातं, मग ते खोटं का असेना. एकदा मी पोट धरून एका नव्या डॉक्टरला म्हटलं, "सुबह से बहुत मळमळ हो रही है." आगरकडच्या खेड्यातला मुलगा, भोळा. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मलमल? भैरवगढ़ वाली?" त्याला वाटलं, मी भैरवगढच्या छापाच्या कापडाबद्दल बोलतेय. मळमळ म्हणजे "जी मिचलाना" हे मला तिथे बसल्या बसल्या काही केल्या आठवेना. सगळा वर्ग हसला. मी चिडले, मग मीही हसले.

असं छान चाललं होतं. मग मॅडमनी नवीन धडा काढला. वाईट बातमी कशी सांगायची.

मी बसायची, समोर शिकाऊ डॉक्टर बसायचा, पडद्यापलीकडच्या बाकांवर बाकीचे फटीतून बघायचे. कार्डावर लिहिलेलं असे: तुम्हाला असा असा रोग आहे, तुम्हाला माहीत नाही, डॉक्टर सांगतील. त्यांनी सांगून झालं की मी माझं मत द्यायचं. खरं सांगितलं असं वाटलं का? घाई केली का? माझ्याकडे बघत होते की भिंतीकडे? मॅडमचं म्हणणं, पेशंटचं शरीर पेशंटचं आहे, त्यातली बातमीही त्याचीच. आधी त्याला सांगायची, मग त्याच्या भावाला आणि मेहुण्याला.

तो आगरचा मुलगा यात पार ढ होता. एकदा त्याने मला कसंबसं अर्धवट सांगितलं आणि घाम पुसत बसला. प्रवेश संपला म्हणून मी उठले आणि सवयीने म्हणाले, "अच्छा, आती हूँ." आपल्यात निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात, तेवढंच त्याचं हिंदी केलं होतं मी. बिचाऱ्याला वाटलं, मी आत्ता परत येणार. तो खुर्चीत तसाच बसून राहिला. मी चहा पिऊन आले तरी तो दाराकडे डोळे लावून बसलेला. मॅडमनी त्याला उठवलं तेव्हा म्हणाला, "वो बोल के गई हैं, आती हूँ."

नेमक्या त्याच दिवसांत बाबांचं जेवण कमी झालं. आधी भाकरी गेली, मग पोळी, मग वरणभातही दोन घासांवर आला. सदरा अंगावर झुलायला लागला. पुण्याहून दादा आला, माझा थोरला भाऊ, आणि त्याने बाबांना इंदूरला नेऊन पोटात दुर्बीण घालायची तपासणी करून आणली. डॉक्टरांनी दादाला एकट्याला आत बोलावलं. बाबा बाहेर बाकावर, त्यांच्या शेजारी मी. दादा बाहेर आला तो हसत. इतका हसत मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. "काही नाही हो बाबा, अ‍ॅसिडिटी. जुनी आहे, टाइम लागेल."

मला त्याने रसवंतीच्या मागे नेऊन खरं सांगितलं. पोटात गाठ, कॅन्सरची, पसरलेली. ऑपरेशनचा उपयोग नाही. आत्ता हिंडते-फिरते आहेत, दिवाळीनंतरचं काही सांगता येणार नाही. आणि वर दादा म्हणाला, "बाबांना कळता कामा नये. कळलं तर आजच हातपाय गाळतील. शपथ घे हवी तर." त्याचे डोळे लाल झाले होते. मी हो म्हटलं.

बाबांना मात्र दिवाळीतच एक काम होतं. बुऱ्हाणपूरला त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. बाबांची आई त्यांच्या लहानपणीच गेली, तेव्हा परकऱ्या वयाच्या आत्यानेच बाबांना कडेवर घेऊन वाढवलं. आता तिचे गुडघे गेले होते, रेल्वेचा डबा तिला चढवत नसे. बाबांचंही काही ना काही निमित्ताने तीन-चार दिवाळ्या जाणं हुकलं होतं. "या भाऊबीजेला ताईकडे जाणारच," असं ते अ‍ॅसिडिटीच्या गुलाबी औषधाचा चमचा गिळून रोज म्हणत. आणि मी रोज ऐकत असे.

मी सुचवून पाहिलं. "बाबा, आत्ताच जाऊन येऊ या का आत्याकडे? मला सुट्टी मिळेल."

"आत्ता कशाला? सण नाही, वार नाही. उगाच दारात जाऊन उभं राहिलं तर ताई घाबरेल. तिला लागेल, काही झालं की काय."

यावर मी काय सांगायचं? जायला हवं म्हणावं तर का ते सांगायला हवं. सांगू नये तर भाऊबीज येणार आणि बाबा अंथरुणाला खिळलेले असणार, आणि आत्या बुऱ्हाणपूरच्या दारात वाट बघत बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दादा पुण्यात, रोज बूथवरच्या फोनवर एकच, "कळलं नाही ना?"

माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. फ्रीगंजात मी आजारी असल्याचं नाटक करायची आणि तिथे सगळे मला खरं सांगायचे. नानाखेड्याला घरी यायची तर तिथे खरा आजारी माणूस आणि आम्ही सगळे नाटक करायचो. कोणत्या घरात मी खरी, कोणत्यात नकली, हे कळेना. वर्गात एखाद्या पोराने गोड बोलून गोष्ट टाळली की मी त्याला फाडून खायची. "आपने मुझसे झूठ बोला. मुझे मेरे बारे में पता होना चाहिए था!" असं तावातावाने म्हणायची, आणि घरी येऊन, "बाबा, आज चेहरा किती फ्रेश दिसतोय!" मॅडमना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. बाबांचं सगळं इंदूरलाच चाललं होतं, त्यांना कळायचं कारणच नव्हतं. एकदा विचारावंसं वाटलं, की मॅडम, तुमच्या विलायतेत भाऊ नसतात का? पण विचारलं नाही.

श्रावणातला सोमवार होता. त्या दिवशी क्लासमध्ये म्हाताऱ्या पेशंटचं काम मंडळातल्या एका काकांकडे होतं आणि मी नुसती मत द्यायला जाणार होते. बाबा कधीपासून मागे लागले होते, मला ती तुमची तालीम बघायची आहे. मी टाळत होते. त्या दिवशी मी शाळेतून निघाले तर महाकालाच्या पालखीच्या सवारीमुळे सगळे रस्ते बंद. टेम्पो नाही, रिक्षा नाही. गर्दीतून वाट काढत, पुलावरून चालत, घामाघूम होऊन मी हॉलच्या जिन्याशी पोचले. वर पाहते तो बाहेरच्या चपलांत बाबांच्या चपला. माझी वाट न बघता ते दुपारीच टेम्पोने येऊन बसले होते.

आत पाऊल टाकलं तर सगळे बाकांवर चिडीचूप. मॅडमनी ओठांवर बोट ठेवून मला थांबवलं आणि कानात म्हणाल्या, काका सवारीत अडकले, मग तुमचे बाबूजीच म्हणाले की मी बसतो. किती हौशी आहेत! मी फटीतून पाहिलं. पेशंटच्या खुर्चीत बाबा. समोर तो आगरचा मुलगा. मॅडमच्या हातात काकांचं कार्ड होतं, बाबांना द्यायचं राहूनच गेलेलं. मी ते ओढून वाचलं. रिटायर्ड मास्तर, पोटात गाठ, कॅन्सर, पसरलेला, थोडे महिने.

मला ओरडायचं होतं. थांबवा म्हणायचं होतं. पण काय कारण सांगून? ज्या क्षणी मी कारण सांगणार, त्याच क्षणी बाबांना कळणार. नाही सांगितलं तरी तो मुलगा सांगणार. आणि सांगितलं तरी ते नाटकातलं, त्याचं काय! माझ्या डोक्यात नुसती जत्रा भरली होती. मी पडदा मुठीत धरून उभी राहिले.

"बाबूजी, आपके साथ कोई आया है?" मुलाने विचारलं.

"बेटी आती होगी. आप बोलिए."

"वो जो आपकी जाँच हुई थी... उसकी रिपोर्ट आ गई है."

"अच्छा."

"उसमें... थोड़ा... मतलब पेट में जो गाँठ है, वो..."

पोरगा अडकला. घसा खाकरला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा "वो..." म्हणाला आणि गप्प. बाकांवरचे श्वास धरून बसले. तेवढ्यात बाबा खुर्चीत थोडे पुढे झाले. त्यांनी तोंडाशी आडवा तळवा धरला आणि विंगेत द्यायचे तसा, अगदी हलका, स्पष्ट शब्द दिला.

"कैंसर."

"जी," पोरगा एका दमात म्हणाला, "कैंसर है."

जो शब्द आम्ही घरात रेडिओवर आला तरी बटण फिरवत होतो, तो बाबांनी स्वतःच्या तोंडाने त्याला दिला होता.

"फैला है?" बाबांनी विचारलं. हात खाली आला होता. हा प्रश्न कार्डावर नव्हता.

"जी. फैला है."

"दिवाली तक?"

दिवाळीही कार्डावर नव्हती. पोराने पडद्याकडे पाहिलं, पण मॅडम काही बोलल्या नाहीत. मग पहिल्यांदाच त्याने समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं. हळूच म्हणाला, "कह नहीं सकते बाबूजी. जिससे मिलना है, अभी मिल लीजिए. अभी आप चल-फिर रहे हैं."

बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ठीक बोला बेटा. बस, आवाज़ ज़रा ऊँची रखना. बूढ़े लोग ऊँचा सुनते हैं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीसुद्धा. "बाबूजी ने तो कमाल कर दिया!" सगळे बाबांभोवती जमले, त्यांना चहा दिला, आणि ते संकोचून हसत होते, जन्मात पहिल्यांदा स्टेजवर चढलेल्या माणसासारखे. मला मत विचारलं. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय.

परत येताना टेम्पोत मी त्यांच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होते. त्यावर काही नव्हतं. गर्दी बघत होते, एका पोराच्या हातातलं डमरू बघत होते. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"बाबा, त्याला कोणता शब्द हवाय ते तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर कार्ड वाचलं नव्हतं."

"अगं, इतकी वर्षं हेच केलं. चेहऱ्यावर दिसतं."

"कोणाच्या?"

"जो विसरला त्याच्या. आणखी कोणाच्या?" असं म्हणून ते पुन्हा बाहेर बघायला लागले.

मी बूथवर जाऊन दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो इतका ओरडला की बूथवाल्याने मान वर केली. "म्हणजे त्यांना कळलं?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय? तू तिथे उभी होतीस ना?"

"होते. पण ते नाटक करत होते."

"बाबा? बाबा कधी नाटक करतात?"

मी फोन ठेवला. बाबा पेशंट झाले होते की पेशंटचं काम करत होते, त्यांनी दिवाळीचं विचारलं ते स्वतःसाठी की त्या मास्तरसाठी, मला काही म्हणता काही कळत नव्हतं. त्या आठवड्यात मी त्यांच्या प्रत्येक वाक्याचे दोन-दोन अर्थ लावत राहिले. ते "आज वरण छान झालंय" म्हणाले तरी मला रडू यायचं. शेवटी मीच आजारी पडते की काय असं वाटायला लागलं.

मग एक दिवस चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "तू सुट्टीचं म्हणत होतीस ना? घे. ताईकडे जाऊन येऊ."

"पण तुम्ही तर भाऊबीजेला..."

"तेव्हा गाड्यांना फार गर्दी असते."

इंदूरला गाडी बदलून आम्ही खांडव्याच्या छोट्या गाडीत बसलो. घाटात गाडी सावकाश चालते, बोगद्यात शिरली की डब्यात अंधार होतो. एका बोगद्यातून बाहेर आलो, आणि बाबा माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेरच्या दरीला सांगावं तसे म्हणाले, "ताईला अ‍ॅसिडिटीच सांगायची हं. ती गुलाबी बाटली पिशवीत वरच ठेव. दिसली पाहिजे."

मला वाटलं, मी भलतंच काही ऐकलं. मग कळलं. दरीकडे बघताना माझे डोळे भरून आले. मी फक्त "हो" म्हटलं. थोड्या वेळाने विचारलं, "आणि दादाला?"

"त्याला काय सांगायचं? तो बिचारा किती मेहनत घेतोय. हसून हसून त्याचे गाल दुखत असतील. करू दे त्याला." आणि ते स्वतःच हसले. मला एकाच वेळी राग आला, हसू आलं आणि हुंदका आला. मी त्यांचा हात धरला. लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदाच.

बुऱ्हाणपूरला पोचलो तर आत्या दारातच बसली होती. बाबांना पाहून ती भिंत धरून उभी राहिली. "अरे, तू? असा मधेच? आणि हे काय झालं तुझं, सगळा वाळून गेलास!"

"अ‍ॅसिडिटी गं ताई. जुनी आहे. खाणं बंद केलंय डॉक्टरने." बाबा इतकं सहज बोलले की माझाच विश्वास बसला. ज्या माणसाने जन्मभर विंगेत बसून दुसऱ्याला वाक्यं दिली, तो एक शब्द न अडखळता आपलं वाक्य म्हणत होता. मी पिशवी खाली ठेवली. बाटली वरच होती.

जेवणं झाली. बाबांनी घासभर भात खाल्ला आणि तो फार आवडल्यासारखा केला. मग म्हणाले, "ताई, मला ओवाळ."

"आत्ता? अरे, भाऊबीज कुठे आहे आज?"

"तेव्हा रिझर्व्हेशन मिळत नाही. आजच उरकून टाक. आणि ओवाळणी मागू नकोस, आणलेली नाही."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती आत गेली, निरांजन लावून, ताटात कुंकू, अक्षता आणि सुपारी घेऊन बाहेर आली. गुडघे दुखत असताना उभं राहूनच ओवाळलं. बाबा पाटावर मांडी घालून, डोक्यावर माझा रुमाल ठेवून बसले होते. निरांजनाची वात सारखी हलत होती आणि ती बाबांच्या कपाळाकडे बघत होती, डोळ्यांकडे नाही.

मी ताट घेऊन तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. तिने दार लोटलं. माझा दंड घट्ट धरला आणि दबक्या आवाजात विचारलं, "वाईट आहे ना? पोटाचं ना?"

मी मान हलवली. खोटं बोलायला माझ्याकडे शब्दच उरला नव्हता.

"मला तो दारात दिसला तेव्हाच कळलं." तिने पदराचा बोळा तोंडात धरला. मग तो काढून, माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "त्याला नाही ना सांगितलंत? सांगूच नका. लहानपणापासून फार भित्रा आहे गं तो."

"नाही सांगितलं," मी म्हटलं.

"शहाणी गं बाई," आत्या म्हणाली. तिने तोंडावर पाणी मारलं, पदराने चेहरा पुसला, कुंकू नीट केलं आणि हसत बाहेर गेली, त्याला विचारायला की चहा साखरेचा हवा की बिनसाखरेचा.